गवत कापायचे यंत्र : दोष कुणाचा, पारख कशाची?

विळा विकत घेताना कुणी माहितीपत्रक मागत नाही. घेणारा तो हातात धरतो, अंगठा धारेवर आडवा फिरवतो, मूठ आवळून पाहतो, पाते मुठीत हलत नाही ना याची खात्री करतो आणि मगच भाव विचारतो. मौदा, रामटेक या धानाच्या पट्ट्यात ही परीक्षा घराघरांत ठाऊक आहे. पण त्याच घरातला शिकलेला माणूस शाळेसाठी किंवा अंगणासाठी गवत कापायचे यंत्र आणायला नागपूरला जातो, तेव्हा ही सारी चिकित्सा घरीच ठेवून जातो. यंत्राचा रंग पाहतो, अश्वशक्तीचा आकडा ऐकतो, हमीची मुदत विचारतो आणि खोके टेम्पोत चढवतो. पहिल्याच आठवड्यात यंत्र कुरकुरू लागले, की 'आपले नशीब' म्हणतो, नाहीतर 'आजकाल सगळा मालच असा' असे म्हणून गप्प बसतो.

आमचा आक्षेप या दोन्ही वाक्यांना आहे. बिघडलेले नवे यंत्र हा नशिबाचा विषय नाही, मोजमापाचा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत जी साधने असतात, तेवढ्यांच्या आधारे त्यातला बराचसा उलगडा करता येतो. म्हणून या लेखात आम्ही परीक्षण करणार आहोत ते कुठल्या एका कंपनीच्या यंत्राचे नव्हे. बाजारात मिळणारी यंत्रे, त्यांच्यासोबत येणाऱ्या पुस्तिका आणि आपली पारखण्याची रीत या तिन्हींचे ते परीक्षण आहे.

कापण्याच्या दोन तऱ्हा

हिरवळ कापायचे यंत्र प्रथम तयार केले ते इंग्लंडमधील स्ट्राउड या गावच्या एडविन बडिंग याने. १८३० साली त्याने पेटंट घेतले. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कातरण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचा रूळ वापरीत. कापडावरची लव कातरता येते, तर जमिनीवरचे गवत का नाही? बडिंगच्या यंत्रात रुळावरची पाती खालच्या स्थिर पात्याला जवळजवळ घासून जातात आणि दोहोंत सापडलेले गवत कातरले जाते. हे सरळसरळ कात्रीचे तत्त्व आहे.

दुसरी तऱ्हा आडव्या फिरणाऱ्या पात्याची. येथे खालचे स्थिर पाते नसते. गवताची पात एका टोकाला जमिनीत घट्ट आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. धार इतक्या वेगाने येते, की वाकून वाट देण्याआधीच पात तुटते. पातीचे जडत्वच येथे दुसऱ्या पात्याचे काम करते. विळ्याने कापताना आपण डाव्या हाताने गवताची मूठ धरतो. यंत्राला डावा हात नाही, म्हणून त्याला वेग लागतो. हलकी पेट्रोल इंजिने मिळू लागल्यावर या तऱ्हेचा प्रसार झाला. ऑस्ट्रेलियात मर्विन व्हिक्टर रिचर्डसन याने १९५२ साली तयार केलेल्या पहिल्या नमुन्याला तर इंधनाची टाकी म्हणून पीच या फळाचा रिकामा डबा लावला होता. आपल्याकडे आज दुकानांत दिसणारी बहुतेक यंत्रे या दुसऱ्या तऱ्हेची असतात.

आकडे कोणते पाहावेत?

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो वॅटचा किंवा अश्वशक्तीचा. पण गवत कापते ते पात्याचे टोक. त्याचा वेग विद्यार्थ्यांना काढायला सांगावा. पाते ४० सेंटिमीटर लांब आणि फेरे मिनिटाला २८०० असे धरू. टोक एका फेऱ्यात सुमारे १.२६ मीटर अंतर कापते आणि सेकंदाला सुमारे ४७ फेरे होतात. म्हणजे वेग झाला सेकंदाला सुमारे ५९ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक.

आता दुसरे गणित. चालवणारा माणूस सेकंदाला एक मीटर या गतीने पुढे जातो असे समजू. पात्याला दोन धारा असल्याने सेकंदाला सुमारे ९३ वेळा धार पुढून जाते. म्हणजे दर वेळी यंत्र पुढे सरकलेले असते फक्त एक सेंटिमीटर किंवा थोडे अधिक. याचा अर्थ असा, की ४० सेंटिमीटरच्या पात्यातली टोकाकडची एक-दीड सेंटिमीटर धारच खरे काम करते. बाकीचे पाते त्या टोकाला फिरवत ठेवण्यासाठी असते. दुकानात पात्याची मधली चमक पाहण्यात अर्थ नाही. शेवटचे दोन सेंटिमीटर पाहावेत. तेथे धार दोन्ही बाजूंना सारखी आहे का, पोलाद ठिसूळ होऊन खाचा पडल्या आहेत का, हे कळते. धारेच्या मागे वर वळवलेला पंखही पाहावा. तो फिरताना हवा वर ओढतो आणि आडवे पडलेले गवत उभे करतो. जोडणी करताना पाते उलटे बसले, तर यंत्र जोरात आवाज करते आणि गवत नुसते झोडपते. असे 'बिघडलेले' नवे यंत्र पाना हाती घेतल्यावर पाच मिनिटांत दुरुस्त होते.

तिसरा आकडा सुरक्षिततेचा. अमेरिकेत १९८२ सालच्या मध्यापासून ढकलत न्यायच्या यंत्रांना एक नियम लागू आहे : मुठीवरची पट्टी सोडल्यावर पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. कारण उघड आहे. अडकलेले गवत काढायला माणूस वाकतो, तेव्हा कानाला आवाज बंद झालेला असतो, पण पाते फिरतच असते. घड्याळ घेऊन ही चाचणी कुणालाही करता येते आणि दुकानातच करून घ्यावी. यंत्र किती वॅटचे आहे, यापेक्षा ते किती सेकंदांत थांबते, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो विचारणारे गिऱ्हाईक मात्र विरळा.

दहा ग्रॅमचा प्रताप

मौदा परिसरातील एका शाळेने मैदानासाठी विजेवर चालणारे असेच एक यंत्र घेतले. पाते आणि फेरे वरच्या उदाहरणातलेच. पहिल्या दिवसापासून यंत्र थरथरत होते. पंधरा मिनिटे चालवले की हातांना मुंग्या येत. तिसऱ्या खेपेला दांड्याचा एक नटच गळून पडला. विक्रेत्याचे म्हणणे, जमीन खडबडीत आहे. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने नट आवळला, चाकांना तेल दिले आणि 'वापरता वापरता बसेल' असे सांगून तो निघून गेला.

तेथील विज्ञानशिक्षकांसह आम्ही ते यंत्र तपासले. पहिला प्रश्न : थरथर जमिनीमुळे आहे का? यंत्र सिमेंटच्या ओट्यावर ठेवून, गवत नसताना चालवले. थरथर तशीच. म्हणजे जमीन निर्दोष. दुसरा प्रश्न : आस वाकला आहे का? प्लग काढून ठेवला, यंत्र आडवे केले, जाड हातमोजे घालून पाते हाताने फिरवले आणि टोकापासून आवरणाच्या कडेपर्यंतचे अंतर चार ठिकाणी पट्टीने मोजले. अंतर सारखे आले. म्हणजे आसही सरळ. तिसरा प्रश्न : पाते संतुलित आहे का? ते काढून, मधल्या छिद्रातून भिंतीवरच्या आडव्या खिळ्याला टांगले. एक बाजू ताबडतोब खाली गेली. उचललेल्या टोकाला, मध्यापासून १८ सेंटिमीटरवर, ओल्या मातीच्या गोळ्या चिकटवत गेलो. पाते आडवे राहू लागले तेव्हा ती माती प्रयोगशाळेच्या तराजूत तोलली. भरली १० ग्रॅम.

दहा ग्रॅम म्हणजे किती मोठासा फरक, असे वाटेल. पण वर्तुळाकार गतीचे सूत्र दहावीनंतरच्या विद्यार्थ्याला येते : बल म्हणजे वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार. मिनिटाला २८०० फेरे म्हणजे कोनीय वेग सेकंदाला सुमारे २९३ रेडियन. त्याचा वर्ग सुमारे ८६ हजार. ०.०१ किलोग्रॅम आणि ०.१८ मीटर यांनी गुणले, की येतात सुमारे १५५ न्यूटन. म्हणजे जवळजवळ १६ किलोग्रॅम वजनाइतका ओढा, आणि तोही दर सेकंदाला ४७ वेळा दिशा बदलत फिरणारा. नट गळून पडला यात नवल नाही. काही महिने तसेच चालले असते, तर आसाचे बेअरिंग गेले असते आणि तेव्हा दोष 'वापराचा' ठरला असता.

शाळेने विक्रेत्याला पत्र लिहिले. त्यात 'यंत्र खराब आहे' हे वाक्य नव्हते. तीन चाचण्या, त्यांचे निष्कर्ष, दहा ग्रॅमचा आकडा आणि त्यातून निघणारे बल, एवढेच होते. नवे पाते मिळाले. खिळ्याला टांगून तपासले, ते आडवे राहिले. बसवल्यावर थरथर गेली. कारागिराच्या अंगी कसब नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. नट घट्ट करणे म्हणजे लक्षण दाबणे. कारण शोधणे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. आपल्या शाळांत तरी आपण ते किती शिकवतो?

यंत्रावर अन्याय नको

तक्रारीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवे यंत्र 'खराब' ठरवले जाते, तेव्हा पुष्कळदा दोष यंत्राबाहेर असतो.

विजेच्या यंत्राचेच पाहा. मौदा तालुक्यात २३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. पण शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला किती व्होल्ट पोचतात, हे ठरते आपण टाकलेल्या वायरीच्या जाडीवर. १५०० वॅटचे यंत्र सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर ५० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन १०० मीटर तारेचा रोध सुमारे २.३ ओहम होतो आणि वाटेतच १५ व्होल्ट खर्ची पडतात. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर साडेचार. मुळात भिंतीवर २०० व्होल्टच मिळत असतील, तर बारीक वायरीच्या टोकाला उरतात १८५. प्रवर्तन मोटारीची जास्तीत जास्त पीळ देण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० च्या तुलनेत १८५ व्होल्टना ती सुमारे ६५ टक्केच राहते. गवत दाट लागले की मोटार घुमते, तापते, थांबते. अशा वेळी मोटार बदलून मागणे हा यंत्रावर अन्याय होय. आधी चालू यंत्राच्या प्लगपाशी व्होल्टमापक लावावा. पण उघड्या तारांशी गाठ असल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पेट्रोलच्या यंत्रांची गोष्ट वेगळी. चार धावांच्या इंजिनाची नवी यंत्रे बहुधा तेल न भरताच खोक्यात येतात. तेल न घालता सुरू केलेले इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. दोन धावांच्या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. शिवाय आता इथेनॉलचा प्रश्न आला आहे. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असे म्हटलेले असते, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात महिनाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी आणि इथेनॉल यांचा थर तळाशी वेगळा होऊ शकतो आणि मग इंजिन सुरूच होत नाही. येथे दोष कुणाचा? वापरणाऱ्याने टाकी रिकामी ठेवायला हवी, हे खरे. पण ज्या देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकले जाते, तेथे १० टक्क्यांसाठी बनवलेले इंजिन विकणाऱ्याने ते खोक्यावर ठळकपणे सांगायला नको काय?

यंत्र चांगले, पण कशासाठी?

गुणवत्ता हा शब्द आपण एकटाच वापरतो. खरे तर 'कशासाठी' हा शब्द त्याच्या जोडीला हवा. गवताची पात बुडाशी वाढते, शेंड्याशी नव्हे. म्हणून वरून कापली तरी ती पुन्हा वाढते. हिरवळीचे यंत्र या गुणावर आधारलेले आहे. वरच्यावर, एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून जास्त नाही, असे कापत राहावे ही त्याची अपेक्षा. हरळीचे सपाट अंगण त्याला मानवते.

आपली मैदाने तशी असतात का? जून ते सप्टेंबर कुणी फिरकत नाही. मग गुडघाभर गवत, त्यात दगड, विटांचे तुकडे आणि गाजरगवत. गाजरगवत हे नावापुरतेच गवत आहे. ते सूर्यफुलाच्या कुळातले, कठीण खोडाचे झुडूप आहे. अशा रानावर हिरवळीचे यंत्र घालणे म्हणजे वस्तऱ्याने लाकूड तासण्यासारखे आहे. तेथे खांद्यावर अडकवायचे झुडूपकापणी यंत्र किंवा चक्क विळा बरा. शिवाय ताशी दोनशे किलोमीटर वेगाच्या टोकाने उडवलेला खडा काय करू शकतो, हे मुलांच्या मैदानावर विसरून चालणार नाही. यंत्र चालू असताना मैदानात मूल असता कामा नये.

काप चांगला झाला की नाही, हेही मोजता येते. कापल्यानंतर वेगवेगळ्या जागच्या वीस पातींची उंची विद्यार्थ्यांनी पट्टीने मोजावी. सरासरी आणि सर्वांत मोठा फरक काढावा. फरक फार आला तर चाकांची उंची सारखी नाही किंवा पाते तिरके आहे. दुसऱ्या दिवशी पातींची टोके भिंगातून पाहावीत. धारदार पात्याने कापलेले टोक सरळ दिसते. बोथट पात्याने फाडलेले टोक तंतूतंतू होऊन पांढुरके-तपकिरी पडते. गवताच्या पेशींत सिलिका असते, त्यामुळे उत्तम पोलादाचीही धार झिजते. म्हणून सुटे पाते नागपुरात मिळते का आणि किती रुपयांना, हे यंत्राच्या किमतीआधी विचारावे. ज्याचे पाते मिळत नाही, ते यंत्र स्वस्त कसे म्हणावे?

पुस्तिका आणि कायदा

आम्ही चाळलेल्या पुस्तिकांबद्दल आमचे मत प्रतिकूल आहे. इशाऱ्यांची पाने भरपूर. पण दोष कसा ओळखावा याचा तक्ता त्रोटक, आणि मराठीत तर क्वचितच. पाते किती संतुलित असावे, वायर किती जाड असावी, पाते किती सेकंदांत थांबावे, या तीन आकड्यांची जागा बहुधा रिकामी असते. निर्मात्याला हे आकडे ठाऊक असतात. ते न छापण्याने गिऱ्हाईक दोष सिद्ध करू शकत नाही, एवढेच साधते.

कायदा मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूने बराच पुढे आला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूच्या गुणवत्तेतील, प्रमाणातील किंवा मानकातील कोणतीही उणीव हा 'दोष' अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. बिल न देणे आणि सदोष माल बिलातील मुदतीत, किंवा तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. तेव्हा बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापले म्हणून गिऱ्हाइकाचा हक्क संपत नाही. वस्तूमुळे इजा झाली, तर घडणीतील दोषाप्रमाणेच अपुऱ्या सूचनांबद्दलही निर्मात्याला जबाबदार धरता येते. पुस्तिकेवरची आमची टीका म्हणूनच केवळ भाषेची नाही.

तक्रार करण्याची मुदत दोन वर्षे. ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. मौद्याच्या माणसाला नागपूरच्या आयोगाकडे जाता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर बोलून पाहावे. अनेक तंटे तेथेच मिटतात. एक गोष्ट लक्षात ठेवावी : व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण नाही. म्हणून बिल कुणाच्या नावाने आणि कोणत्या कामासाठी आहे, हे आधीच स्पष्ट असावे.

पण कायदा चालतो पुराव्यावर. खोके उघडतानाचे छायाचित्र, बिल, यंत्राचा क्रमांक, प्रत्येक बिघाडाची तारीख, कारागिराने काय केले याची त्याच्याच सहीची नोंद, हे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवावेत. तोंडी तक्रार हवेत विरते. स्वतः यंत्र उघडण्याआधी हमीपत्र वाचावे. मोटार किंवा इंजिन खोलल्यास हमी जाते अशी अट सर्रास असते. पाते काढणे हा देखभालीचा भाग म्हणून पुस्तिकेतच दिलेला असेल, तर त्याला हरकत घेता येत नाही.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. शाळेत येणारे कोणतेही यंत्र, मग ते गवत कापायचे असो, पाण्याचा पंप असो की पंखा, पहिल्या दिवशी वरच्या वर्गातील मुलांच्या हाती परीक्षेसाठी द्यावे; वीज किंवा इंधन तोडून, शिक्षक समोर असताना. त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, आकडा लिहावा, कारण आणि लक्षण वेगळे करावे, आणि शेवटी एक पानाचा अहवाल मुख्याध्यापकांना द्यावा. यंत्र चांगले निघाले तर अहवालात तसे लिहावे. तेही परीक्षणच आहे. अपकेंद्री बल, रोध आणि सरासरी हे धडे त्या निमित्ताने होतीलच. शिवाय 'वापरता वापरता बसेल' असे कुणी म्हणाले, तर 'कशावरून?' असे शांतपणे विचारणारी चार माणसे गावात तयार होतील.